बायफोकल, डिप्लोमा की आयटीआय? माझा निकाल दुपारच्या बॅचनं लावला

दहावीचा निकाल लागला की मला फोन यायला लागतात. मी गोकुळ शिरगावला एका मशीनशॉपमध्ये क्वालिटी बघतो, नव्या पोरांच्या मुलाखतीला मलाच बसवतात, त्यामुळं नातेवाइकांची समजूत झाली आहे की याला यातलं सगळं कळतं. प्रश्न ठरलेला असतो. पोराचा (हल्ली पोरीचाही) ओढा टेक्निकलकडं आहे, तर अकरावी सायन्सला बायफोकल घ्यावं, पॉलिटेक्निकला डिप्लोमाला घालावं, की सरळ आयटीआय करून मोकळं व्हावं?

यातल्या दोन वाटा घरातच बघून झाल्या आहेत. पुतण्या आमच्याकडं राहून बायफोकल करून गेला. पुढं मोठ्या मुलीची दहावी झाली तेव्हा ठरवायची पाळी माझ्यावर आली आणि आम्ही डिप्लोमा घेतला. आयटीआयची पोरं तर शॉपमध्ये दिवसभर आजूबाजूलाच असतात. तेव्हा खाली आहे ते डोळ्यांनी बघितलेलं आहे, कुठं आकडेवारी काढायला गेलेलो नाही. तुमच्या गावचं कॉलेज आमच्यापेक्षा बरं असू शकतं, ती सूट धरूनच वाचा. कुठल्या कोर्सला किती वर्षं लागतात, फॉर्म कुठं भरायचा, हे सांगत बसत नाही. ते सगळ्यांना पाठ असतं.

बायफोकल: कागदावर सगळ्यात शहाणपणाचं

कागदावर बघाल तर बायफोकलसारखी सोय नाही. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडायचा, त्या जागी २०० गुणांचा एक व्यवसाय विषय घ्यायचा. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आहेत तिथंच राहतात. बारावी सायन्सचा शिक्का मिळतो, इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं आणि वर कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स असं काहीतरी पदरात पडतं. बहुतेकांचं जीवशास्त्र सुटतं, पण ज्याला मेडिकलला जायचंच नाही त्याला त्याचं काय? शिवाय बारावीला यातले निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे, म्हणून 'स्कोअरिंग' अशीही ख्याती आहे. अकरावीच्या रांगेत उभे असलेले बरेच पालक खरं तर या शेवटच्या कारणासाठीच बायफोकल मागतात.

कल्पना आजची नाही. शाळेतल्या शिक्षणाला कामाची जोड द्या, हे कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्ये सांगून झालंय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकची २५ टक्के मुलं व्यवसाय अभ्यासक्रमांकडं वळवायचं लक्ष्य ठेवलं होतं. २०२० च्या धोरणानं पुन्हा नवा आकडा दिला: २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख. आकडा वाढत चाललाय. मुलाखतीला समोर बसणाऱ्या पोरांत मला तेवढा फरक दिसलेला नाही, पण असो.

पुतण्यानं कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं. पुस्तकं मी स्वतः चाळली. सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, एचटीएमएल, नेटवर्किंग आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर. हा ८०८५ इंटेलनं १९७६ साली आणला, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. त्यावरून लोक चेष्टा करतात. मला ती पटत नाही. प्रॅक्टिकलच्या किटवर (मायक्रोप्रोसेसर बसवलेला सरावाचा बोर्ड) हेक्सचे आकडे एकेक बटण दाबून भरायचे, एका जागेचे बाइट उचलून दुसरीकडं ठेवायचे, मग तिथं जाऊन पोचलेत का बघायचं. मशीनच्या आत काय चालतं हे पोराला असं केल्यावर जेवढं कळतं तेवढं स्क्रीनवर माउस फिरवून कळत नाही. विषय उत्तम आहे असंच माझं आजही मत आहे.

माझं बिनसलं ते वेळापत्रकाशी. गोष्ट ऐकायला अगदी किरकोळ वाटेल, पण मुलीच्या वेळी सगळा निर्णय त्या एका गोष्टीवर फिरला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॉलेज सकाळचं. थिअरीचे तास साडेअकराच्या सुमारास सुटायचे आणि बायफोकलची प्रॅक्टिकल बॅच साडेबाराला लागायची. सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास दीडला, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे बॅच पूर्ण करावी तर क्लासला उशीर, आणि क्लास गाठावा तर किट चालू करून पहिला प्रोग्राम भरेपर्यंत निघायची वेळ. क्लासवाले उशिरा आलेल्याला टेस्टला बसू देत नसत. त्यामुळं आठवड्याला एकदा तरी आमच्या घरात तोच संवाद व्हायचा. "काका, आज टेस्ट आहे." "आणि प्रॅक्टिकल?" "सर काही म्हणत नाहीत." संध्याकाळी गावाहून वहिनींचा फोन: "भावजी, क्लासची फी भरलीय, तेवढा क्लास चुकू देऊ नका." त्यांचं तरी काय चुकलं? कॉलेजची फी नाममात्र होती. घर रिकामं केलं होतं ते क्लासनं.

सर खरंच काही म्हणत नसत. सज्जन माणूस होता. बॅचला मोजकी डोकी दिसायची, त्यांना घेऊन ते बिचारे मनापासून शिकवायचे आणि बाकीच्यांना एवढंच सांगायचे की जर्नल पूर्ण ठेवा. दिवाळीनंतर ती मोजकी डोकीही कमी झाली.

मग जर्नल. एका रात्री जेवणाच्या टेबलावर पुतण्या सीनियरचं सर्टिफाइड जर्नल समोर उघडून बसला होता. बाजूला पट्टी, पेन्सिल आणि तीन निळी पेनं. तीन कशाला, म्हणून विचारलं. म्हणाला, प्रत्येक प्रयोगाची तारीख वेगळी आहे, मग शाई थोडी वेगळी नको का दिसायला? फ्लोचार्ट उतरला, प्रोग्राम उतरला, आउटपुटचा रकानाही उतरला. मी आपलं बोट ठेवून विचारलं, "हे उत्तर असंच का आलं रे?" त्यानं वर न बघता सांगितलं, "सीनियरचंही तेच आलंय." परीक्षेत प्रात्यक्षिकाचे गुण भरभरून पडले. त्याचे पडले, बॅचला कधी न फिरकलेल्यांचेही पडले.

पोरगा आळशी नव्हता. हिशेब पक्का होता त्याचा. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर. सीईटीचा पेपर २०० गुणांचा: मॅथ्स १००, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०. बायफोकलच्या २०० गुणांना तिथं जागाच नाही. बारावीत नुसती किमान पात्रता लागते, खुल्या गटाला ४५ टक्के. गंमत म्हणजे पात्रतेच्या नियमात फिजिक्स आणि मॅथ्सच्या जोडीला तिसरा विषय म्हणून केमिस्ट्रीऐवजी तांत्रिक व्यवसाय विषयही धरतात. म्हणजे नियमानं विषयाला दारापर्यंत मान आहे, आत पंगतीला पान नाही. सीईटीला केमिस्ट्री सोडवावीच लागते. मग दुपारी साडेबाराला सतरा वर्षांच्या पोरानं कुठं जावं? तो गेला तिथंच मीही गेलो असतो.

हल्ली 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार आहे. कॉलेज आणि क्लास एकाच छपराखाली. तिथं वेळेची ओढाताण मिटते हे खरं, पण ती कुणाच्या बाजूनं मिटते हे प्रयोगशाळेच्या कुलुपाकडं बघून समजतं.

डिप्लोमा: इथं बाहेरून कोणी ओढत नाही

मुलीची वेळ आली तेव्हा फी, होस्टेल, ब्रँच हे सगळं नंतर बघितलं. आधी एवढंच बघितलं की दुपारी तिला दुसरीकडून कोणी बोलावणार आहे का. डिप्लोमात ती भानगड नाही. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, पुढं सहा सेमिस्टर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षा असतात, आणि ज्याला इंजिनिअरिंग करायचंय तो डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला जातो. सीईटी लागत नाही. वर्षांचा हिशेबही सारखाच बसतो: दोन अधिक चार सहा, तीन अधिक तीनही सहाच. कॉलेज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि प्रॅक्टिकल त्या वेळेच्या आत. मला बाकी काही नाही, हे 'आत' असणं फार आवडलं.

तिनं मेकॅनिकल घेतलं. पहिल्या वर्षी वर्कशॉपला फिटिंग, वेल्डिंग, सुतारकाम, पत्रेकाम. फाइल मारून हाताला फोड आले तेव्हा तिची आई माझ्याशी दोन दिवस नीट बोलत नव्हती. ड्रॉइंगच्या शीटा रात्री अकरापर्यंत चालायच्या आणि त्या तिच्या तिलाच काढाव्या लागायच्या, कारण शीट उतरवून काढणं हे जवळजवळ नव्यानं काढण्याएवढंच कष्टाचं आहे.

दुसऱ्या वर्षी ती एकदा शॉपमध्ये आली होती. टेबलावर एका हाउसिंगचं ड्रॉइंग पडलं होतं, भोकावर पंचवीस एच सात असा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची खूण. तिनं तो बघितला आणि सोबतच्या शाफ्टचं ड्रॉइंग मागितलं. भोकाचं अक्षर कॅपिटल असतं आणि शाफ्टचं स्मॉल, तेव्हा जोडीला कोणतं अक्षर आहे हे कळल्याशिवाय फिट सैल बसणार की घट्ट ते सांगता येत नाही, असं तिनं मला, म्हणजे ज्याचं आयुष्य त्यात गेलं त्याला, सांगितलं. आमच्याकडं भरतीला आलेल्या बारावी पास पोरानं आजवर शाफ्टचं ड्रॉइंग मागितलेलं मला तरी आठवत नाही. ती त्याची चूक नाही. त्याच्यापुढं कोणी ते कधी ठेवलंच नाही.

आता दुसरी बाजू. डिप्लोमातही सगळं गोडगोड नाही.

मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना पहिलं सेमिस्टर जड जातं. मंडळानं मराठी-इंग्रजी मिश्र उत्तरं लिहायची मुभा दिली आहे, तरी पुस्तकं आणि शिकवणं बरंचसं इंग्रजीच. पहिल्या सेमिस्टरला केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, की पोरं खचतात आणि आईबाप 'अकरावीलाच घातलं असतं तर' सुरू करतात. प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलमधले रकाने सबमिशनच्या आठवड्यात एकमेकांचं बघून भरणं इथंही आहे, कबूल करायला हरकत नाही. फरक एवढाच की भरायच्या आधी निदान एकदा मशीनपाशी उभं राहिलेलं असतं. काही खासगी पॉलिटेक्निकांत लेथ आहेत पण फिरत नाहीत. शिक्षक तासिका तत्त्वावर असले की सेमिस्टरच्या मध्येच बदलतात.

गणिताचं दुखणं खरं आहे. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांपुढं एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) येतं, आणि पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंगचं गणित त्यांनी केलेलं नसतं. आमच्याकडचा एक डिप्लोमावाला नोकरी सोडून डिग्रीला गेला, मशीन डिझाइनमध्ये वर्गात पहिला आणि एम-थ्रीत दोनदा गटांगळी. शिवाय नावाजलेल्या कॉलेजांत थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या आणि गुणांची स्पर्धा भयंकर. 'डिप्लोमा केला की डिग्री आपोआप' असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून ते लिहून घ्या.

काही दारं बंदही होतात. एनडीएला बारावीच लागते. शुद्ध विज्ञानात जायचं मनात आलं तर वाट वाकडी होते. आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी ब्रँच निवडायची, हे मलाही जरा लवकरच वाटतं.

फीचं थोडक्यात: शासकीय तंत्रनिकेतन मिळालं तर प्रश्नच नाही. खासगीत आकडा मोठा दिसतो, पण कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्काचा निम्मा भार उतरतो. बायफोकलच्या बाजूला कॉलेजची फी किरकोळ दिसते ती क्लासची फी शेजारी मांडलेली नसते म्हणून.

आयटीआय: हात कुणाचा, ते व्हर्नियर सांगतो

मुलाखतीला मी फार प्रश्न विचारत नाही. एक टर्निंग केलेली पिन आणि बारीक माप घ्यायचा व्हर्नियर टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, माप सांग.

बारावी सायन्सचा मुलगा लीस्ट काउंटचं, म्हणजे त्यावर लहानात लहान किती माप वाचता येतं त्याचं, सूत्र घडाघडा सांगतो. सांगणारच, अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला व्हर्नियर असतोच. पण तिथला ०.०१ सेंटिमीटरचा आणि आमचा ०.०२ मिलिमीटरचा, तिथं तो अडखळतो आणि हळूच विचारतो, डिजिटल नाही का? डिप्लोमाचा मुलगा माप घेतो, बहुतेक वेळा बरोबरही सांगतो. आयटीआय फिटरचा मुलगा आधी खिशातलं फडकं काढतो. जबडे पुसतो, मिटवतो, उजेडाकडं धरून फट दिसते का बघतो, शून्य शून्यावर आहे का तपासतो. मग पिनला हात लावतो. एका जागी माप घेऊन पिन थोडी फिरवतो आणि पुन्हा घेतो, कारण पिन गोल असेलच असं त्यानं गृहीत धरलेलं नसतं.

हे पुस्तकानं येत नाही. हल्ली आयटीआयच्या वर्षाला १२०० तास धरतात आणि त्यातले ८४० ट्रेडच्या प्रात्यक्षिकाचे असतात. मेल-फीमेल जॉब फाइल मारून एकमेकांत बसेपर्यंत इन्स्ट्रक्टर सोडत नाही. पहिल्या दिवशी कामाला लावायचं असेल तर मी आयटीआयचाच मुलगा मागतो, आणि हे मी आमच्या मालकांसमोरही बोललो आहे.

मग मुलीला तिकडं का घातलं नाही? लोक हे विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. कारण आमच्यासारख्या कारखान्यांत आयटीआयचा मुलगा पाच-सात वर्षांत उत्तम कारागीर होतो आणि मग तिथंच थांबतो. सुपरवायझरची जागा निघाली की एचआरवाले डिप्लोमा मागतात. ज्याला यानं शिकवून तयार केलं तोच पोरगा याच्या वर बसतो. हे बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही, पण ते आहे. यावर एक तोडगा आहे जो लोकांना पुरेसा ठाऊक नाही: आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर ही वाट धरलेला मुलगा मला कोणत्याही दिवशी चालेल. हातही आहे आणि कागदही. फक्त मधे नोकरीचा पगार सुरू झाला की घरचे पुन्हा शिकायला सोडत नाहीत, तिथं गाडी अडते.

बाजारभाव बघायचाच असेल तर शासनानं तो स्वतः जाहीर केला होता. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला महिना ६,००० रुपये, आयटीआय आणि डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. बायफोकलवाला यात कुठं बसतो? बारावीत. इलेक्ट्रॉनिक्सचे २०० गुण त्याला सहाचे आठ हजार करून देत नाहीत.

एचएससी व्होकेशनल, म्हणजे जुनं एमसीव्हीसी (अकरावी-बारावीचाच व्यवसाय अभ्यासक्रम), यावर फार लिहीत नाही. १९८८ च्या सुमारास मोठ्या उमेदीनं सुरू झालं, यातूनही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि काही ठिकाणी शिक्षक फार चांगले होते. पण आमच्या भागात तुकड्या कमी होत गेल्या. तुमच्या गावात चालू असलेली आणि विद्यार्थी असलेली तुकडी असेल तर जरूर जाऊन बघा. मी बघितलेल्या ठिकाणी यंत्रांवर धूळ होती.

अजून आठवी-नववीत मूल असेल तर

तर तुम्ही नशीबवान आहात, कारण निवडायच्या आधी चाखून बघायची सोय काही शाळांत आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या बऱ्याच शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं वर्कशॉप, वीज, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चार विभागांत आळीपाळीनं काम करतात आणि गावातली खरीखुरी कामं घेतात. आमच्याकडं एक पोरगा त्या वाटेनं आला होता. त्याला आयटीआयच करायची आहे हे त्याला नववीतच कळलं होतं, कारण त्यानं शाळेसाठी बाक वेल्ड केलं होतं आणि शेळ्या सांभाळायचा त्याला कंटाळा आला होता. एवढी स्पष्टता आमच्या घरात दोघांपैकी एकालाही नव्हती.

मग बायफोकल कुणी घ्यावं?

घेऊ नये असं मी म्हणणार नाही. ज्या मुलाला मनापासून कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये रस आहे, जे घरी स्वतः काहीबाही उघडून जोडत बसतं, आणि ज्याचं गणित इतकं पक्कं आहे की सीईटीसाठी दिवसभर क्लासला बांधून घ्यायची गरज नाही, त्याला बायफोकल छान. डिग्री इंजिनिअरिंग ठरलेलंच आहे आणि दुसरी भाषा नको म्हणून घेत असाल तरी हरकत नाही, फक्त त्याला टेक्निकलची तयारी म्हणू नका. पुतण्याचं काही वाईट झालं नाही, तो आज पुण्यात बऱ्या नोकरीत आहे. ते श्रेय मात्र त्या क्लासचं आणि त्याच्या मेहनतीचं. त्या किटचं नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रवेशाच्या खिडकीवर काही विचारू नका. कामाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला जा आणि बारावीची बॅच कुठं चालू आहे ते बघा. पोरं दिसली तर एखाद्याला विचारा, पुढं क्लास किती वाजता आहे? पॉलिटेक्निकला गेलात तर लेथच्या खालच्या ट्रेमध्ये बघा. ताज्या चिप्स दिसल्या तर मशीन फिरतंय. झाडलोट करून चकचकीत ठेवलेला ट्रे मला जास्त संशयास्पद वाटतो.

ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी अकरावीचा आणि डिप्लोमाचा, दोन्ही फॉर्म भरून ठेवावेत. अकरावीची प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाली आहे आणि डिप्लोमाच्या कॅप (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या तंत्रशिक्षण संचालनालय घेतं, त्यामुळं दोन्हीकडं नाव असायला अडचण नाही. अडचण शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याची आहे. तो एकच असतो. अकरावीला पहिल्या फेरीत नंबर लागला म्हणून घाईनं मूळ दाखला जमा केला, आणि मग डिप्लोमाला हवं ते कॉलेज मिळालं, की प्रवेश रद्द करून तो परत मिळवायला खेटे घालावे लागतात आणि इकडची मुदत संपत आलेली असते. आमच्या शेजाऱ्यांची पोरगी तेवढ्यासाठी नको असलेल्या अकरावीत अडकली. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता वगैरे कागद निकालाआधीच काढून ठेवा, आणि डिप्लोमाची निदान पहिली फेरी लागेपर्यंत मूळ दाखला घरातून हलवायचा की नाही ते मुदती बघून नीट ठरवा.